चाराचे दोन, दोनाचा एक

माणसाला आयुष्यात फार थोड्या गोष्टी स्वतः निवडता येतात. आईवडील निवडता येत नाहीत, शेजारी निवडता येत नाहीत, आणि बायको आपण निवडली अशी समजूत असली तरी त्या कार्यक्रमात नेमकं कोण कोणाला पाहायला आलं होतं, हे पुढं पंचवीसेक वर्षांनी कळतं. उरता उरल्या तीन गोष्टी : कापड, भाजी आणि उमेदवार. पैकी कापड बायको निवडते, भाजी भाजीवाला निवडून देतो आणि उमेदवार पक्ष निवडतो. त्यामुळं वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मोटारीच्या इंजिनाला एक्झॉस्ट मनीफोल्ड कोणता बसवावा, हा निर्णय जेव्हा पूर्णपणे माझ्या एकट्यावर येऊन पडला, तेव्हा घटनेनं दिलेलं स्वातंत्र्य आपल्यापर्यंत पोचलं असं मला वाटलं. 'पूर्णपणे माझ्या एकट्यावर' हे शब्द मी सकाळी साडेसातला उच्चारले. नऊ वाजता ओसरीवर सात माणसं बसलेली होती आणि दुसरा चहा चालू होता.

आता मनीफोल्ड म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी लाजू नये. त्या सातांपैकी पाचजणांना ठाऊक नव्हतं, पण त्यामुळं त्यांचं मत द्यायचं काही अडलं नाही.

आधी गाडीविषयी सांगतो. गाडी १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी. आमचं हसनाबाद जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात आहे. पण जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो. म्हणजे आमची गाडी आमच्या जिल्ह्यापेक्षा पाच वर्षांनी थोरली आहे, आणि जिल्ह्याइतका गाजावाजा न करता तिनं त्याच्याहून जास्त फेऱ्या केल्या आहेत.

पद्मिनीचं मूळ घराणं इटलीचं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात आधी फियाट ११०० बनवली. त्यातलं जे जुनं, फुगीर अंगाचं मॉडेल होतं त्याला महाराष्ट्रानं 'डुक्कर फियाट' हे नाव प्रेमानं बहाल केलं. १९६४ साली डिलाइट आली, आणि १९७४ साली तिचंच नाव पद्मिनी झालं. डुकरावरून एकदम चितोडच्या राणीवर! समाजात एवढी बढती दुसऱ्या कोणत्याही वाहनाला मिळालेली मला ठाऊक नाही. इंजिन १०८९ सी.सी.चं, घोडे चाळीसच्या आसपास. त्या काळात नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. मुलगा पाचवीत असताना नंबर लावला, तर त्याच्या वरातीला गाडी मिळण्याची आशा धरता येई. आमचे वडील डॉक्टर. रोगी तितकी वर्षं थांबायला तयार नव्हते, म्हणून १९८४ साली त्यांनी औरंगाबादेतून जुनीच गाडी उचलली.

त्या गाडीचा एक आवाज होता. अजून आहे. खर्जातला, किंचित ओला, गळ्यात पान ठेवून बोलणाऱ्या माणसासारखा. रात्री-अपरात्री तो फाट्यावरून ऐकू आला की वस्तीवरची माणसं म्हणत, "डॉक्टर निघाले." आणि परतीच्या वेळी तोच आवाज आला की माझी आई भाताचं आधण ठेवी. गाडी दारात येऊन, बाबा हातपाय धुऊन पाटावर बसेतो भात होई. टेलिफोन आमच्याकडे फार उशिरा आला, आणि आल्यावरही आईनं त्यावर कधी भात लावला नाही.

तर गेल्या थंडीत ही गाडी सकाळी चालू केली की 'टिक् टिक् टिक्' करू लागली. तापली की गप्प. शेजारच्या अण्णांनी, जे निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि म्हणून कोणत्याही विषयात निवृत्त होत नाहीत, "टॅपेट!" असं निदान केलं. मी गाडी जुन्या जालन्यातल्या आमच्या मिस्त्रींकडे नेली. मिस्त्री पंचाहत्तरीचे. बाबांच्या वेळेपासून ह्या गाडीचा जन्मकाळ आणि जन्मखोड दोन्ही त्यांना पाठ. त्यांनी बॉनेट उघडलं, कान लावला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बाबांच्या फोटोचीच आठवण झाली.

"टॅपेट कौन बोला?"

"शेजारी."

"उनको बोलो, बच्चे पढाओ. ये ठंडे में बोलता, गरम हुआ के चुप. मतलब क्या? लोहा गरम होके फूलता, दरार बंद होती. मनीफोल्ड फट गया, साब."

आणि मग त्यांनी हसणं थांबवून विचारलं, "अम्मा पीछे बैठते ना?"

आई मागंच बसते. गाडी फाट्यापर्यंत गेली की तिचा डोळा लागतो. आम्ही ते वयावर ढकलत होतो. मिस्त्रींचं म्हणणं, वयच असेल. पण फाटक्या मनीफोल्डमधून निघणाऱ्या धुरात जो कार्बन मोनॉक्साइड असतो त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो बॉनेटखालून गाडीत शिरला की माणसाला पहिल्यांदा झापडच येते. पुढं काय येतं हे सांगायची गरज त्यांनी ठेवली नाही. त्या दिवशी आम्ही घरी एस.टी.नं आलो. गाडी मिस्त्रींकडेच राहिली.

म्हणजे मनीफोल्ड बदलायचा, हे ठरलं. प्रश्न एवढाच, की कोणता? आणि ह्या 'एवढाच'वर आमच्या घरात जो परिसंवाद झाला, तो एखाद्या साहित्य संमेलनाला शोभला असता. अध्यक्षाचं कोणी ऐकत नाही, हेही साम्य होतंच.

पहिला वक्ता माझा भाचा. पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. आठवडाभर खुर्चीवर बसून असतो आणि रविवारी वेगाविषयी बोलतो. फोनवर तो म्हणाला, "मामा, ही संधी आहे! ते ओतीव लोखंडाचं धूड काढून टाका. सरळ परफॉर्मन्स हेडर टाका. फोर-इंटू-वन!"

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली आहेत. म्हटलं, "फोर इंटू वन म्हणजे चारच की रे!"

"मामा, गुणाकार नाही. चार नळ्या एकीत जातात. दुसरा प्रकार फोर-टू-वन. त्यात चाराच्या आधी दोन होतात, मग दोनाचा एक."

"मग फोर-टू-वन आणि फोर-इंटू-वन यांत फरक काय?"

"'इन'चा," तो म्हणाला. एवढ्याशा 'इन'साठी माणसं रात्र-रात्र जागतात, हे मला त्या दिवशी कळलं.

हा फरक मी माझ्यापुरता असा समजून घेतला. इंजिनात चार सिलिंडर म्हणजे एका एकत्र कुटुंबातले चार भाऊ. ते पेटतात एक-तीन-चार-दोन ह्या क्रमानं. (आपल्याकडे भाऊ साधारण ह्याच पद्धतीनं पेटतात, धाकट्यांच्या आधी मधले.) पेटून झालं की ज्याचा त्याचा धूर बाहेर पडायला हवा. कंपनीचा मूळचा मनीफोल्ड म्हणजे चौघांना मिळून एक आखूड, खडबडीत बोळ. एकाचं बाहेर पडणं पुरतं संपायच्या आत दुसरा निघतो, बोळात दोघांची छातीला छाती लागते, आणि थोडा धूर पुन्हा घरात ढकलला जातो. घरात जुना धूर शिल्लक, म्हणून ताजी हवा कमी येते. ताजी हवा कमी, म्हणून पुढचा भडका मवाळ. एस.टी. स्टँडवर उतरणारे दारातच अडले की चढणाऱ्यांचं जे होतं, तेच.

हेडरमध्ये प्रत्येक भावाला स्वतंत्र नळी. सगळ्या जवळपास सारख्या लांबीच्या, गुळगुळीत. धूर वेगानं पुढं पळतो आणि पळताना मागं एक ओढ सोडून जातो; त्या ओढीनं सिलिंडरात उरलेला धूरही निघतो, इतकंच नव्हे, तर दोन्ही वॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात त्या वेळी ताजी हवा आत खेचायलाही ती मदत करते. फोर-टू-वनमध्ये आधी जोड्या लावतात. आणि त्या लावतात पहिला-चौथा नि दुसरा-तिसरा अशा. म्हणजे क्रमानं एकमेकांपासून सर्वांत लांब असलेले भाऊ एका वाटेला. त्यांची वाटेत गाठच पडत नाही. फोर-इंटू-वनमध्ये चौघेही एकदम एकाच चौकात भेटतात.

ज्यानं कोणी पहिल्यांदा ह्या जोड्या लावल्या, तो नक्की एकत्र कुटुंबात वाढला असणार. आमच्या आजोबांनी दोन थोरल्या सुनांची स्वयंपाकाची पाळी ह्याच तत्त्वावर लावली होती, आणि घर आणखी अकरा वर्षं टिकलं.

"पण दोन्हींत चांगला कोणता?" मी भाच्याला विचारलं.

"वरच्या फेऱ्यांना फोर-इंटू-वन. चार हजार, साडेचार हजार आर.पी.एम.च्या पुढं ताकद तिथं मिळते. मामा, मद्रासजवळ शोलावरमला धावपट्टीवर रेस व्हायच्या, तेव्हा आपल्या फियाट काय धावायच्या! डबल कार्बोरेटर, तासलेलं हेड, हेडर..."

मी डोळे मिटून हसनाबाद ते राजूर हा रस्ता धावपट्टी म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला. पहिल्याच फर्लांगात एक ट्रॅक्टर, दोन म्हशी आणि ग्रामपंचायतीनं घातलेला एक गतिरोधक आडवा आला. ह्या रस्त्यावर माझ्या इंजिनाचे साडेचार हजार फेरे फक्त एकदा झाले होते, आणि त्या वेळी गाडी चिखलात जागच्या जागी होती.

शिवाय भाच्याच्या यादीत एक खोच होती. नुसत्या हेडरनं फार काही होत नाही. हेडरला साजेसा कार्बोरेटर हवा, निदान जेट मोठे हवेत. त्याला साजेसा कॅमशाफ्ट हवा, कारण मूळच्या कॅमशाफ्टमध्ये ते दोन्ही वॉल्व्ह एकदम उघडे राहण्याचं प्रकरण अगदी बेताचं आहे. मग हेड तासायला हवं. मग ब्रेक बदलायला हवेत, कारण जो पळतो त्याला थांबावं लागतं. लग्नात नवऱ्याला नवा कोट शिवायचा म्हणून निघालेली मंडळी सबंध घराला रंग देऊन परत येतात, त्यातला हा प्रकार. स्टेनलेस स्टीलच्या हेडरचाच त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी हिशेब केला : बाबांनी अख्खी गाडी, चाकं आणि हॉर्नसकट, त्याहून कमी पैशांत घेतली होती.

दुसरे वक्ते अण्णा. टॅपेटचा पराभव ते विसरले नव्हते. ते थेट भारत सरकारचा नियमच घेऊन आले.

"अरे बाबा, तू ह्या गाडीला हात लावू नकोस! २०२१ साली केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम केले आहेत. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली की गाडी विंटेज. नंबरप्लेटवर 'व्ही ए' अशी अक्षरं मिळतात. तुझी गाडी १९७६ ची. हिशेब कर!"

मी केला. २०२६. पद्मिनी पन्नाशीला टेकली होती.

"पण अट काय आहे?" अण्णांनी वर्गाकडे पाहावं तसं ओसरीकडे पाहिलं. "गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत फेरफार केलेला चालत नाही. तू ते पुण्याचं हेडर लावलंस की मान गेला!"

मान हा शब्द आमच्याकडे फार चालतो. ओसरीवरच्या सातांपैकी चारजण लगेच विंटेजच्या बाजूला गेले. गावात एक तरी गाडी 'व्ही ए'ची असली पाहिजे, असा ठरावच व्हायचा बाकी होता. तेवढ्यात आमची सौभाग्यवती चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "अण्णा, विंटेज झालेल्या गाडीतून बाजाराला जाता येतं का हो?"

अण्णा प्रामाणिक गृहस्थ. त्यांनी चष्मा लावून पुन्हा कागद पाहिला. विंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शनाला न्यावी, रॅलीत न्यावी, पेट्रोल भरायला नि दुरुस्तीला न्यावी. बाकी वेळ घरी. नोंदणीची फी वीस हजार रुपये.

"म्हणजे," सौ. म्हणाली, "वीस हजार भरायचे आणि हार घालून ओसरीवर बसवायची. काम सांगायचं नाही. असं एक आहे आमच्याकडे."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पेपर उघडला.

तिसरा पक्ष, 'जसं होतं तसंच बसवा' हा. कंपनीचाच ओतीव मनीफोल्ड शोधायचा. पण पद्मिनीचं उत्पादन थांबून आता पाव शतक होत आलं. इतकी वर्षं जुन्या सामानाची खाण म्हणजे मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या. एक भंगारात गेली की दहा गाड्या जगत. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. आता जो माल उरला आहे तो उरलेल्यांतला उरलेला. मिस्त्रींच्या ओळखीनं एक मनीफोल्ड आला. दिसायला सुरेख. मिस्त्रींनी तो सपाट फरशीवर ठेवला आणि खाली पोस्टकार्ड सरकवलं. पोस्टकार्ड आरपार गेलं. वर्षानुवर्षं तापून-निवून तो केळ्यासारखा वाकलेला होता.

"ये हमसे भी बुढ्ढा है," मिस्त्री म्हणाले, आणि परत पाठवला.

एवढं सगळं होईतो आई काही बोलली नव्हती. तिचं वय शहाऐंशी. ती देवघरातून बाहेर आली आणि सरळ मुद्द्यावर गेली.

"ते काय बसवणार त्यानं आवाज बदलेल का रे?"

ओसरी गप्प झाली. भाचा फोनवर होता, तोही गप्प झाला. मग म्हणाला, "आजी, भारी होईल आवाज! नुसता घुमेल!"

"घुमायला काय ते देऊळ आहे?" आई म्हणाली. "ह्यांच्या गाडीचा आवाज आहे तो. मला ओळखू आला पाहिजे." आणि आत गेली.

परिसंवाद तिथंच संपला. अश्वशक्ती, आर.पी.एम., विंटेज हे सगळे मुद्दे एका बाजूला आणि ओळखू येणं एका बाजूला. मी दुसऱ्या दिवशी जालन्याला गेलो आणि मिस्त्रींसमोर सगळं मांडलं : आई मागं निर्धास्त झोपली पाहिजे, गाडी बाजाराला गेली पाहिजे, आणि फाट्यावरून ओळखू आली पाहिजे.

मिस्त्रींनी बिडी विझवली. "कहाँ चलाते, ये बताओ. कितना भगाते?"

"चाळीस. उतारावर पंचेचाळीस. ट्रॅक्टरच्या मागं पंधरा."

"बस. हो गया फैसला."

आणि खरोखरच झाला होता. पुण्याच्या भाच्यानं, अण्णांनी नि मी जे महिनाभर शोधलं ते त्या एका प्रश्नात होतं. मनीफोल्ड निवडायचा तो गाडी पाहून नाही, रस्ता पाहून. आमच्या रस्त्याला वरची ताकद कुचकामी. आम्हांला हवी ती खालची ओढ, कमी फेऱ्यांतली. म्हणजे फोर-टू-वन. नळ्या लांबट, आणि त्यांचं तोंड इंजिनाच्या पोर्टाएवढंच, मोठं मुळीच नाही. भाच्याला रुंद नळ्या हव्या होत्या. रुंद म्हणजे मोकळं, असा त्याचा हिशेब. मिस्त्रींनी मला आवारातल्या नळाखाली नेलं आणि रबरी पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला. पाणी भिंतीपलीकडे गेलं. अंगठा काढला, पाणी चपलेवर पडलं. "चौडा किया के धुआँ आलसी होता," ते म्हणाले. लहान इंजिनाला मोठी नळी म्हणजे बारक्या पोराला बापाचे बूट. आवाज फार, चाल नाही.

ह्या जालन्यात लोखंडाला तोटा नाही. इथल्या भट्ट्यांत नि रोलिंग मिलांत सळया इतक्या निघतात, की घरबांधणीचा विषय निघाला की जालन्याचं नाव निघतंच. पण सरळ सळई वेगळी आणि नीट वाकलेली नळी वेगळी. मिस्त्रींनी सोळा गेजची साधी पोलादी नळी घेतली, तिच्यात कोरडी वाळू गच्च ठासली, दोन्ही तोंडं बंद केली आणि तापवून वाकवली. वाळू असते म्हणून वळणावर नळी चेपत नाही. चेपली की धूर तिथंच अडणार. स्टेनलेसपेक्षा ही लवकर गंजेल, हे त्यांनी आधीच सांगितलं. पण तडा गेला तर हसनाबादेतही कोणी वेल्डिंग करून देईल, हेही सांगितलं. इंजिनाला टेकणारी पट्टी मात्र चांगली जाड घेतली, नाहीतर तीही एक दिवस केळं होते. कार्बोरेटर आणि नळ्यांच्या मध्ये एक पत्रा उभा केला. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसवर जातो. त्यात पातळ नळ्यांची झळ लागली तर पेट्रोल कार्बोरेटरमध्येच उकळतं आणि गाडी भर रस्त्यात ध्यानस्थ बसते.

आणि सायलेन्सर? "वो पुराना ही रहेगा," मिस्त्री म्हणाले. "आवाज उसमें है. मनीफोल्ड गला है, सायलेन्सर जबान है." फटफट वाजणाऱ्या सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवतात ह्या बातम्या मी वाचलेल्या होत्या, त्यामुळं जबान जुनी राहणं मलाही बरं वाटलं.

राहता राहिला अण्णांचा मान. त्याची सोयही मिस्त्रींनीच काढली. जुना फाटका मनीफोल्ड त्यांनी फेकला नाही. आख्खा तापवला, निकेलच्या कांडीनं तडा भरला आणि राखेत पुरून दोन दिवस सावकाश निवू दिला. ओतीव लोखंड घाईनं निवलं की पुन्हा तडकतं. "इसको घर में रखो," ते म्हणाले. "कभी इज्जत चाहिए, ये लगाओ. काम चाहिए, वो लगाओ. चार नट खोलो, चार नट कसो."

गाडी घरी आणायच्या दिवशी मी राजूरवरून आलो. गणपतीला नारळ फोडला आणि निघालो. परिणाम काय झाला, तो जसा आहे तसा सांगतो. भाच्यानंही तो असाच ऐकला आणि फार वेळ काही बोलला नाही. गाडी उडाली नाही. पाठ सीटला चिकटली नाही. एका शाळकरी मुलीनं स्कूटीवरून मला मागं टाकलं आणि जाताना 'काका, पुढं खड्डा आहे' असंही सांगितलं. मात्र कापसानं लादलेल्या ट्रॅक्टरच्या मागं जो चढ मला आजवर दुसऱ्या गिअरमध्ये चढावा लागे, तो गाडी तिसऱ्यात चढली. कुरकूर नाही, हिसका नाही. स्टिअरिंगजवळच्या त्या दांड्याला हात लावायची गरज पडली नाही. महिनाभराचा परिसंवाद, अश्वशक्तीचे तक्ते, भारत सरकारचे नियम, आणि निष्पत्ती काय? एक गिअर कमी. पण हसनाबाद ते जालना हा रस्ता ज्याला माहीत आहे, त्याला एका गिअरची किंमत सांगावी लागत नाही.

फाट्यावर मी मुद्दाम वेग कमी केला. हॉर्न दिला नाही. आवाज थोडा बदलला होता. ओतीव लोखंड आवाज गिळतं, पातळ नळी तो किंचित बोलून दाखवते. खर्ज तोच, पान मात्र तोंडातून गेलेलं. दारात गाडी थांबवली तर ओसरीवर कोणीच नव्हतं. मी आत गेलो. आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती आणि गॅसवर आधण ठेवलेलं होतं.

"बदललाय आवाज," ती म्हणाली. "ते पन्नाशीत पान सोडलं होतं ना त्यांनी, तेव्हा असाच झाला होता." आणि तांदूळ वैरले.

आता मागच्या सीटवर तिचा डोळा लागला तर तो वयामुळंच लागतो, ह्याची आम्हांला खात्री आहे. झोप तेवढीच आहे, फक्त मला आता आरशात सारखं पाहावं लागत नाही.

जुना मनीफोल्ड कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. अण्णा अधूनमधून त्याची चौकशी करतात आणि पन्नाशीचा दाखला काढायचा राहिलाय, याची आठवण देतात. मीही काढीन म्हणतो. पण सध्या तरी गाडीचा छातीचा भाता मोकळा झाला आहे, ही बातमी घरात चांगलीच पसरलेली आहे. परवाच सौ.नं गव्हाचं पोतं, दोन रिकामे डबे आणि विळीला धार लावायची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "विंटेज नाही ना केलीत? मग निघा. आणि येताना तिसऱ्या गिअरमध्येच या."